उरलेल्या नऊ गोळ्या

लॅबमधल्या बाईंनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं, पण त्यावरचं बोट उचललं नाही. "मंदार म्हणजे तुमचे कोण?" त्यांनी विचारलं.

"जावई."

"त्यांना प्रायमाक्विन चालू नाहीये ना? हा रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर ती गोळी अजिबात देऊ नका."

शनिवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले असतील. मुलुंड पूर्वेच्या त्या लहानशा लॅबच्या दारात छत्र्यांचं पाणी साचलं होतं. मी तिथेच उभी राहून पाकीट उघडलं. वरच्या ओळीत जी-सिक्स-पीडी लिहिलं होतं आणि समोर 'डेफिशियंट', म्हणजे कमतरता आहे. माझा जावई त्या वेळी आयसीयूत होता. त्याच्या रक्तातल्या पेशी का फुटतायत ते डॉक्टरांना कळत नव्हतं. ती गोळी त्याला चार दिवस मी दिली होती, आणि तोपर्यंत हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायकांसाठी आणि पुरुषांसाठी, ज्यांच्या घरात औषधांचा एक डबा असतो आणि ज्यांना वाटतं की त्या डब्यातलं आपल्याला सगळं कळतं. मलेरिया बरा होतो. मंदारही बरा झाला, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे भीती न बाळगता पुढे वाचा. भीती माझ्यापुरती आहे.

मी एकतीस वर्षं एका विमा कंपनीत मेडिक्लेमच्या फायली बघितल्या. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, औषधांची नावं पडताळायची, डिस्चार्ज कार्ड वाचायचं. सेफ्ट्रायॅक्झोन, पँटोप्राझोल, क्रिएटिनिन, हे शब्द मला देवाच्या आरतीसारखे पाठ होते. अर्थ किती कळत होते, हा भाग वेगळा. रिटायर झाल्यावर आमच्या सोसायटीत मी अर्धी डॉक्टर झाले. कुणाला पित्त झालं, कुणाची कंबर धरली, की बेल आमच्या दाराची वाजायची. बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात सगळ्या उरलेल्या गोळ्या मी नावं आणि तारखा लिहून ठेवायचे. एक्स्पायरी झालेलं औषध माझ्या डब्यात कधी सापडणार नाही, याचा मला भारी अभिमान होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते हेच.

त्या डब्यात प्रायमाक्विनच्या नऊ गोळ्या होत्या. त्या आमच्या ह्यांच्या.

त्याच्या आदल्या वर्षी ह्यांना मलेरिया झाला होता, व्हायवॅक्स नावाच्या जातीचा. त्यात दोन प्रकारची औषधं देतात. पहिलं क्लोरोक्विन, तीन दिवस. ते रक्तातले जंतू मारतं आणि ताप उतरतो. दुसरं प्रायमाक्विन, चौदा दिवस. ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, झोपून राहिलेल्या जंतूंसाठी. ताप गेला तरी हे जंतू आत गप्प पडून असतात. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. महिन्यांनी, कधी वर्षभरानंही, ते उठतात आणि माणूस पुन्हा कुडकुडायला लागतो. ह्यांनी पाच दिवस गोळ्या घेतल्या आणि सोडल्या. "माका आता बरा वाटता, उगाच कित्याक गोळये गिळू?" माझे यजमान मालवणकडचे. हट्टाला पेटले की मालवणीत शिरतात. अडीच महिन्यांनी ताप परत आला. तेव्हा डॉक्टरांच्या शिव्या खाऊन नव्यानं पूर्ण चौदा दिवस घेतल्या. पहिल्या वेळच्या नऊ डब्यात राहिल्या.

आता मंदारकडे येते. माझी एकुलती एक मुलगी शलाका, तिचा हा नवरा. अंधेरीला एका बांधकामाच्या साइटवर इंजिनीयर आहे. दोघं घाटकोपरला राहतात. त्या वर्षी अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. जावई म्हणजे त्या दिवशी प्रत्यक्ष विष्णू. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, त्यामुळे माझा उत्साह विचारू नका. अनारसे मी स्वतः केले होते. एकही हसला नव्हता, म्हणजे तुपात विरघळला नव्हता.

रविवारी मंदार पाटावर बसला. मी ओवाळलं. पहिला घास घेतला आणि त्याचे दात वाजायला लागले. पुरणपोळीचं ताट समोर, आणि माणूस थंडीनं थडथडतोय. दोन ब्लँकेटं घातली तरी थांबेना. तासाभरानं अंग तव्यासारखं तापलं.

सोमवारी सकाळी मीच त्याला आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंकडे नेलं. शलाकाला बँकेत जाणं भाग होतं. त्यांनी रक्त तपासायला दिलं आणि दुपारी रिपोर्ट आला: व्हायवॅक्स पॉझिटिव्ह. साइटच्या तळघरात पाणी साचलंय, तिथे डास मरणाचे, असं मंदार म्हणाला. डॉक्टर बाईंनी क्लोरोक्विन लिहून दिलं. मग म्हणाल्या, "आणखी एक तपासणी करू, जी-सिक्स-पीडी. दुसरी गोळी त्याच्यावर ठरेल. रिपोर्ट यायला शुक्रवार उजाडेल. तोपर्यंत थांबा."

हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या. मी ऐकलं. मला ऐकू आलं नव्हतं किंवा समजलं नव्हतं, असं मी कधीही म्हणू शकत नाही.

मंगळवारी ताप उतरला. दोघं आमच्याकडेच राहिले होते, कारण घाटकोपरच्या घरी त्याच्याकडे बघायला कोण? शलाका कामावर गेल्यावर मी डबा उघडला. तेच दुखणं, तीच गोळी, एक्स्पायरीला अजून चार महिने. ह्यांना कुणी कसली टेस्ट सांगितली नव्हती. उगाच चार दिवस कशाला फुकट घालवायचे? हल्ली तपासण्यांचं फॅडच झालंय, असं मला वाटलं. फायलींमध्ये काय कमी पाहिलं होतं मी?

मंदार म्हणाला, "मम्मी, पण डॉक्टर बोलल्या ना, रिपोर्ट आल्यावरच."

"घ्या हो. ह्यांनी घेतलीय. काही होत नाही."

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "माका काय झाला? मग तेका काय होतला!"

मंदारनं उजव्या हाताची ओंजळ केली. सासूच्या हातचं नाही म्हणायचं नाही, असं त्याच्या घरचं वळण. तीर्थ घ्यावं तशी त्यानं गोळी घेतली. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळीही. शलाकाला वाटत होतं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत. मी तिला वेगळं सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

गुरुवारी तो दिवसभर पडून होता. अशक्तपणा असेल म्हणून मी मऊ भात आणि मेतकूट दिलं. शुक्रवारी सकाळी गोळी देऊन झाली, आणि तो खिडकीकडे वळला तेव्हा उजेडात मला त्याचे डोळे दिसले. पांढरं असतं ते हळदीसारखं पिवळं. मग त्यानं संकोचून ह्यांना सांगितलं की लघवी कालपासून काळपट होतेय. दूध न घातलेल्या चहासारखी. जिना उतरताना त्याला धाप लागली. चौतीस वर्षांचा माणूस, दोन मजले, तीन वेळा थांबला.

अकराच्या सुमारास मी आणि मंदार इस्पितळात पोचलो; हे घरीच थांबले. शलाका ऑफिसातून परस्पर आली आणि भरतीचे कागद करायला काउंटरवर थांबली. कॅज्युअल्टीत मंदारजवळ मी एकटी होते. तरुण डॉक्टर होते, भरभर लिहीत होते.

"मलेरियासाठी काय काय घेतलंत?"

"क्लोरोक्विन. तीन दिवस," मंदार म्हणाला.

"आणखी काही?"

मंदारनं माझ्याकडे बघितलं.

तो एवढासा क्षण होता. मी सांगायला हवं होतं. त्याच दारातून शलाका येणार होती, बोरिवलीहून विहीणबाई निघाल्या होत्या, आणि जावयाला वाण द्यायला बोलावून सासूनं डॉक्टरांनी नको म्हटलेलं औषध दिलं, हे सगळ्यांना कळणार होतं. शिवाय मनात असंही होतं की एवढ्याशा गोळीनं काय होणार? हे दुसरंच काही असेल. मी पदर सारखा केला.

"नाही," मंदार म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

पुढचे तास कसे गेले ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर निदान काय चाललंय ते कळावं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, तेराच्या आसपास असायचा तो आठ निघाला. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, वाढलेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवर किती ताण आहे ते सांगणारा आकडा, वर सरकत होता. डॉक्टर म्हणाले, "रक्तपेशी आतल्या आत फुटतायत. ह्याला हिमोलिसिस म्हणतात. त्यांचा रंग लघवीतून येतोय. का फुटतायत, ते शोधायचं आहे."

मग त्यांनी शोधायला सुरुवात केली. साइटवर साचलेल्या पाण्यात उभा राहतो म्हटल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतानं पाण्यातून होणारा ताप. त्यातही कावीळ होते, किडनीही बिघडते. त्याचं अँटिबायोटिक सुरू केलं. मग मलेरियाची दुसरी, जास्त घातक जात फॅल्सिपॅरम मिसळलीय का, ते बघितलं. डेंग्यू बघितला. हिपॅटायटिस बघितला. पावसाळ्यात आपल्या मुंबईत हे सगळे ताप एकाच दारानं येतात आणि सुरुवातीला सगळ्यांचा चेहरा सारखा असतो. डॉक्टरांची त्यात काही चूक नव्हती. जी माहिती त्यांना दिली होती, तिच्या मागे ते प्रामाणिकपणे धावत होते.

जी-सिक्स-पीडीही त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी रक्त पाठवलं आणि संध्याकाळी उत्तर आलं की जवळजवळ नॉर्मल आहे. मी बाकावर बसून ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बघ, म्हटलं, माझी गोळी नव्हतीच. देवाचे आभार मानले. त्या आभारांची आठवण झाली की आजही मला स्वतःची किळस येते.

कारण नंतर कळलं, रक्त फुटत असताना ही तपासणी फसवते. जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशीतलं एक एन्झाइम, पेशीचं कवच राखणारं. ज्यांच्यात ते कमी, त्यांच्या म्हाताऱ्या पेशी औषधाच्या माऱ्यानं आधी फुटतात. मागे राहतात त्या नव्या, ताज्या पेशी, आणि त्यांच्यात एन्झाइम पुरेसं असतं. त्यामुळे आकडा चांगला दिसतो. खरा रिपोर्ट तोच, जो गोळी सुरू करण्याआधी सोमवारी घेतलेल्या रक्ताचा होता. तो आमच्या मुलुंडच्या लॅबमधून यायचा होता आणि पावसामुळे एक दिवस रखडला होता.

त्या संध्याकाळी शलाका माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तू अजून काही दिलं होतंस का गं त्याला? काढा, गोळी, काहीपण?"

मी म्हटलं, "नाही गं."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

शनिवारी सकाळी हिमोग्लोबिन सहाच्या खाली आलं. रक्त चढवलं होतं तरी. डॉक्टरांनी शलाकाला आत बोलावून सांगितलं की लघवी कमी होतेय, कदाचित डायलिसिस लागेल, आणि कारण अजून हाताला लागलेलं नाही. "कारण सापडलं तर ते थांबवता येतं. आत्ता आम्ही फक्त भरपाई करतोय." शलाका बाहेर आली ती भिंतीला धरून. त्याच वेळी माझ्या फोनवर लॅबचा मेसेज आला: रिपोर्ट तयार आहे. मी कुणाला काही न बोलता उठले आणि रिक्षा केली.

ते पाकीट घेऊन परत येताना रिक्षात मी काय विचार करत होते, तेही खरं सांगते. अर्धा विचार मंदारचा होता. अर्धा विचार हा होता की सांगायचं कसं.

दहा वाजता मी डॉक्टरांसमोर उभी राहिले. शलाका आणि विहीणबाई बाजूलाच होत्या. मी रिपोर्ट पुढे केला आणि म्हटलं, "डॉक्टर, घाईगडबडीत माझ्या लक्षातूनच गेलं. मी त्यांना प्रायमाक्विन दिली होती. मंगळवारपासून. चार गोळ्या."

लक्षातून गेलं. एकतीस वर्षं फायलींमधली एक चूक माझ्या नजरेतून सुटली नाही, आणि ह्या चार गोळ्या लक्षातून गेल्या!

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. शेवटची कधी दिली?" मी सांगितलं. त्यांनी लगेच आत जाऊन सगळं बदललं. लेप्टोचं औषध थांबवलं, सलाइनचा वेग बदलला, रक्ताच्या आणखी पिशव्या मागवल्या. मग बाहेर येऊन शलाकाला म्हणाले, "आता आम्हाला माहितीय कशाशी लढतोय. पेशी फुटणं अजून एक-दोन दिवस चालेल, मग कमी होईल. किडनी सांभाळली की झालं." तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला. डायलिसिस लागलं नाही. अकराव्या दिवशी तो घरी आला.

मधल्या एका दुपारी विहीणबाई आणि मी बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं की ही कमतरता आईकडून मुलाकडे येते, आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. विहीणबाई म्हणाल्या, "जन्मला तेव्हा खूप पिवळा होता हो. पेटीत ठेवला होता लाइटखाली. तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर? माझ्याकडूनच गेलं ना हे त्याला?" आणि त्या रडायला लागल्या. वर माझाच हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही तर भल्यासाठीच दिल्या होत्यात. विसरलात, त्यात तुमचा काय दोष? अशा वेळी डोकं चालतं का कुणाचं?"

मी त्यांचं सांत्वन केलं. त्या बाकावर अपराधी मी होते आणि सांत्वनही मीच करत होते.

मंदार बरा झाला, पण त्या आजाराचा एक धागा लोंबकळत राहिला. यकृतातल्या झोपलेल्या जंतूंवरचं औषध त्याला देणं धोक्याचं. आठवड्याला एक गोळी असं आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली देण्याची एक पद्धत आहे, पण त्याच्या रक्ताचं जे झालं होतं ते बघून डॉक्टरांनी ती टाळली. म्हणाले, ताप आला तर क्लोरोक्विन देऊ. आणि आला. पाच महिन्यांनी, पाऊस नाही, डास नाही, भर थंडीत. मीच दिलेलं जेवण जेवत असताना त्याच्या खांद्यावरून एक शहारा गेला आणि माझ्या हातातला डाव आमटीत पडला.

तेव्हापासून मी त्याच्याकडे बघत असते. पंख्याखाली त्यानं बाही खाली ओढली, की माझं लक्ष तिकडे. आता तो जंतू आत नसेलही, एवढी वर्षं सहसा तो राहत नाही, असं डॉक्टर म्हणतात. ह्यावर जे काही नवीन येतं ते मी शोधून वाचते. ज्याला मी फॅड म्हटलं होतं, तेच आता माझं वेड झालंय. व्हायवॅक्सचे जंतू यकृताखेरीज प्लीहेत आणि हाडांच्या मज्जेतही लपून राहतात, असं हल्लीच्या संशोधनात दिसू लागलंय. रक्त तपासलं तर सापडत नाहीत आणि माणूस बरा दिसतो. टॅफेनोक्विन नावाचं औषध निघालंय, चौदा दिवसांऐवजी एकाच डोसचं, काही देशांत वापरातही आहे. पण ते शरीरात कितीतरी दिवस टिकतं, म्हणून मंदारसारख्यांना ते आणखी घातक. त्यासाठीच बोटातल्या थेंबभर रक्तावर जी-सिक्स-पीडी तिथल्या तिथे मोजणारी लहान यंत्रं आली आहेत. तसं यंत्र आमच्या डॉक्टर बाईंच्या टेबलावर असतं तर? असं मी पूर्वी स्वतःला विचारायचे. आता विचारत नाही. यंत्र नव्हतं, पण "थांबा" म्हणणारं माणूस होतं.

काही गोष्टी मला उरल्या आहेत. कोरा चहा मी बघू शकत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या मी काढून टाकल्या, कारण त्यांच्या वासानंही अशा लोकांचं रक्त फुटू शकतं. औषधांचा डबा गेला. सोसायटीतलं कुणी आलं तर मी दारातूनच डॉक्टरांचा रस्ता दाखवते, आणि लोकांना वाटतं हिला आता गर्व झालाय. आणि आमचा वाणी. सामान बांधता बांधता तो सवयीनं विचारतो, "आणखी काही?" दोनदा तर मी पिशवी न घेताच घरी आले.

गेल्या वर्षी शलाकाला मुलगी झाली. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन सगळ्या तपासण्या केल्या. बाप असा असेल तर मुलीकडे ते जातंच, फक्त तिला स्वतःला बहुधा त्रास होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या फायलीवर लाल शाईत ते लिहिलंय. ती फाइल मिळाली त्या दिवशी शलाका आत झोपली होती, बाहेर मी आणि मंदार दोघंच. फाइल त्याच्या मांडीवर होती. त्या लाल अक्षरांकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंदार, मी विसरले नव्हते."

त्यानं मान वर केली नाही. "माहितीय, मम्मी."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत डॉक्टरांना? तुमचा जीव चालला होता!"

"आधी वाटलं, साधी गोळी आहे, त्याच्यानं काय होणार. मग आयसीयूत पडल्या पडल्या डाउट आला." त्यानं फाइल मिटली. "पण मी बोललो असतो ना, तर शलाका आयुष्यभर तुमच्याशी बोलली नसती. म्हटलं, तुम्हीच सांगाल. तुमचीच वाट बघत होतो."

मी तिथेच रडले. रक्त फुटत असलेला माणूस, आणि तो माझी वाट बघत होता. माझ्या अब्रूला त्यानं स्वतःच्या आयुष्यातला जवळजवळ एक दिवस दिला, आणि मी तो घेतला. आभार मानायचे तर डॉक्टरांचे आहेत, रक्त देणाऱ्या त्या अनोळखी माणसांचे आहेत, पण हे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून सांगते. डॉक्टर विचारतील तेव्हा सगळं सांगा. काढा, भस्म, शेजारणीनं दिलेली गोळी, सगळं. लाज नंतर वाटू द्या, तिला वेळ भरपूर आहे.

इथवर लिहून मी कागद शलाकाला दिले. तिला न दाखवता हे छापायचं नव्हतं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि एकेक पान वाचत गेली. मी समोरच बसले. शेवटचं पान वाचून झाल्यावर तिनं मधलं एक पान पुन्हा काढलं. मग म्हणाली, "ह्याच्यात तू लिहिलंयस, मी तुला एकदा विचारलं."

"हो."

"तीनदा विचारलं होतं, आई. संध्याकाळी, मग जेवताना, मग सकाळी डॉक्टरांनी डायलिसिस म्हटल्यावर. मी हात जोडले होते तुझ्यापुढे."

मला ते आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि आता माझ्या ह्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवणार?

तिनं कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले, बाळाला टोपडं घातलं आणि निघाली. दारात आपण 'येते' म्हणतो, 'जाते' म्हणत नाही. ती काहीच म्हणाली नाही.

ह्याला बारा दिवस झाले. काल मंदारचा फोन आला. बाळाला दात येतोय म्हणाला, इकडचं तिकडचं बोलला. ठेवता ठेवता म्हणाला, "मम्मी, तिला थोडा टाइम द्या."

मी म्हटलं, "देते. तुम्ही मला दिला होतात, तसाच देईन."